लोकरीतला पीळ



ऐन वैशाखात, अंगावरचे उपरणेही जड वाटावे अशा दिवसांत, लोकरीच्या स्वेटराच्या इतिहासावर बोलावयास उभे राहणे हा थोडा अविचारच आहे. चिटणिसांनी विषय ऐकला तेव्हा त्यांनी आधी आमच्याकडे आणि मग मांडवातल्या पंख्याकडे पाहिले. परंतु या विषयाचे आमच्याकडे काही जुने देणे निघते. देणे म्हणण्यापेक्षा प्रायश्चित्त म्हणावे. ते आज उरकावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका व्याख्यानमालेत, दुसऱ्या एका गावी, आम्ही दर्यावर्दी लोकांच्या जीवनावर बोललो होतो. त्या ओघात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यासमोर, गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी असलेल्या ॲरन बेटांची एक गोष्ट आम्ही सांगितली. इनिशमोर, इनिशमान आणि इनिशियर अशी ही तीन बेटे. तिथले कोळी जाड पांढऱ्या लोकरीचे स्वेटर घालीत. त्या स्वेटरांवर दोरखंडासारख्या वेण्या, चौकटी आणि मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असे. प्रत्येक कुळाची वीण निराळी आणि ती हजार-दीड हजार वर्षे आईकडून मुलीकडे चालत आलेली. कारण काय, तर समुद्राने माणूस गिळला आणि आठवड्यांनी त्याचे प्रेत दूरच्या किनाऱ्यास लागले, तर चेहरा ओळखू येत नसे, पण वीण ओळखू येई. ही गोष्ट सांगताना आमचा आवाज थोडा कापरा झाला असावा. समोर दोन-चार पदर डोळ्यांना लागलेले दिसले, आणि वक्त्याला अशा वेळी जे समाधान वाटते ते आम्हांलाही वाटले, हे कबूल केले पाहिजे.

व्याख्यान संपल्यावर एक वृद्ध बाई पुढे आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणाऱ्या दोन सुया. म्हणाल्या, "गोष्ट छान सांगितलीत. पण तुम्ही कधी विणलंय का हो?"

आम्ही म्हणालो, "नाही."

"तरीच. अहो, शेजारणीच्या पोराच्या अंगावर चांगली वीण दिसली, की दोन दिवसांत ती माझ्या सुईवर येते. माझी तिच्या सुईवर जाते. कुळाची वीण कुठून आणलीत? आणि एकच वीण जन्मभर घालायची म्हणजे बाईला शिक्षाच की!"

आम्ही ग्रंथांचा आधार सांगू लागलो. बाईंनी तो शांतपणे ऐकला आणि एवढेच विचारले, "त्या बायकांना शिकवलं कुणी?" यावर आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढे त्या गावी आमचे जाणेयेणे राहिले, आणि एके दिवशी आम्ही काकूंच्या ओसरीवर शिष्य म्हणून जाऊन बसलो. त्या काकूच, दुसरे नाव त्यांना सगळ्या आळीत नव्हते.

सुलट आणि उलट हे दोन टाके साधावयास आम्हांला पंधरा दिवस लागले. ते प्रकरण आम्ही येथे सांगत नाही. त्यानंतर काकूंनी वेणी घेतली. चौदा टाके घालावयाचे. मधले सहा सुलट, दोन्ही बाजूंना चार-चार उलट. मागच्या बाजूने विणताना सुलटावर उलट आणि उलटावर सुलट. अशा सहा ओळी झाल्या, की मधल्या सहांपैकी पहिले तीन टाके न विणता एका तिसऱ्या आखूड सुईवर काढून पुढच्या अंगास लोंबत ठेवावयाचे. मग पुढचे तीन विणावयाचे, आणि नंतर ते लोंबते तीन परत आणून विणावयाचे. तिसरी सुई म्हणून काकू केसांतला आकडा काढून वापरीत. टाके पुढे धरले तर पीळ डावीकडे वळतो, मागे धरले तर उजवीकडे. एवढेच सगळे रहस्य. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असे आपण म्हणतो, पण हा पीळ त्या जातीचा नव्हे. लोकरीच्या धाग्याला येथे काहीच पीळ पडलेला नसतो. रांगेत उभ्या असलेल्या सहा माणसांपैकी तिघांनी तिघांशी जागा बदलावी, तसे टाक्यांनी फक्त जागा बदललेल्या असतात. सुई काढून घेऊन धागा ओढला, तर सारी वेणी पाच मिनिटांत पुन्हा गुंडा होऊन बसते. ते आम्ही अनेकदा करून पाहिले, बहुतेक वेळा नाइलाजाने.

वेणीमुळे वीण आत ओढली जाते, म्हणून तेवढ्याच रुंदीला टाके जास्त लागतात आणि लोकरही जास्त लागते. जिथे टाके एकमेकांवरून जातात तिथे कापड दुहेरी होते, म्हणून ते ऊबदार असते आणि जडही. परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी होती. आम्ही ओळी मोजून कागदावर रेघा मारीत असू. काकूंनी तो कागद काढून घेतला. "मोजू नका, बघा. शेवटचा पीळ कुठं पडला ते वीणच सांगते." आणि खरोखरच ती सांगते. दोन पिळांमधले सुलट टाके एकाखाली एक असे स्पष्ट दिसतात. ते बोट ठेवून वाचता येतात. एकदा वाचता येऊ लागले, की देवळाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीवरचा स्वेटरही वाचता येतो. जाळीदार नाजूक वीण अशी दुरून वाचणे कठीण. वेणी मात्र उठावाची असल्यामुळे दहा हातांवरून वाचता येते. ती लपविता येत नाही. म्हणजे कुळाची गुप्त वीण म्हणून ठेवावयास याहून गैरसोयीची वस्तू दुसरी नसेल! काकूंनी पहिल्याच दिवशी जे सांगितले होते ते हेच होते. आम्हांला ते समजावयास चौदा टाके आणि तीन सुया लागल्या.

मग आम्ही पुन्हा ग्रंथांकडे वळलो, पण या वेळी निराळे डोळे घेऊन.

प्रेत ओळखण्याची ती गोष्ट प्रथम तपासली. तिचे मूळ जॉन मिलिंग्टन सिंज या आयरिश नाटककाराच्या ‘रायडर्स टु द सी’ या एकांकिकेत आहे असे दिसते. हे नाटक डब्लिनला १९०४ साली रंगभूमीवर आले. त्यात बुडालेल्या भावाचे कपडे दोघी बहिणींच्या हाती येतात आणि धाकटी बहीण पायमोजा ओळखते. कशावरून ओळखते? कुळाच्या नक्षीवरून नव्हे. तो मोजा तिने स्वतः विणलेला असतो. साठ टाके घातले होते आणि त्यांतले चार गळले होते, हे तिला आठवते. मोजा साधा आहे. त्यावर वेणी नाही, चौकट नाही. त्या मुलीने आपला भाऊ ओळखला तो आपल्या हातून झालेल्या चुकीवरून. नाटककाराने जे इतके नेमके लिहिले होते, त्याचे पुढच्या लोकांनी कुळाचे चिन्ह करून टाकले, आणि मूळ नाटक न उघडता आम्ही ते व्यासपीठावरून सांगितले. इतिहासाच्या अभ्यासकाला याहून मोठी लाज कोणती?

सिंज स्वतः १८९८ ते १९०२ या काळात पुनःपुन्हा या बेटांवर जाऊन राहिला होता. त्याचे ‘द ॲरन आयलंड्स’ हे पुस्तक १९०७ साली निघाले. बायकांचे तांबडे घागरे, पुरुषांचे घरच्या लोकरीच्या जाड कापडाचे कपडे, कच्च्या चामड्याची पायताणे हे सर्व त्याने बारकाईने लिहून ठेवले आहे. कोळ्यांच्या जर्सीबद्दल मात्र तो एवढेच सांगतो, की काही तरुणांनी ती नव्याने घालावयास सुरुवात केली आहे. हजार वर्षांच्या परंपरेची वस्तू असती, तर ती नेमकी याच माणसाच्या नजरेतून सुटली असती काय?

खरे पाहता, सुयांवरचे विणकाम ही कलाच युरोपात तितकी जुनी नाही. इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे हे तिचे जुने नमुने. युरोपातले जुने नमुने स्पेनमध्ये आहेत. १२७५ साली वारलेल्या फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या थडग्यात विणलेली उशी मिळाली. पुढे मोज्यांचा धंदा वाढला आणि १५८९ साली विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्रही काढले. आल्प्सच्या खेड्यांत पुरुषांच्या मोज्यांच्या पोटऱ्यांवर बारीक पिळांची नक्षी असे. मोजा कसा विणावा याचे इंग्रजी भाषेत छापलेले पहिले वर्णन लंडनला १६५५ साली निघाले. ते वाचून कोणी मोजा पुरा केला असेल असे आम्हांला वाटत नाही, इतके ते किचकट आहे. १८४० साली एडिंबरोच्या जेन गॉगेन या दुकानदार बाईंनी पुस्तक काढले आणि टाक्यांसाठी खुणांची एक परिभाषा बनविली. आपल्या मराठी मासिकांतून ‘२ सु., २ उ.’ असे नमुने ज्यांनी वर्षानुवर्षे कापून ठेवले, त्यांनी या बाईंचे स्मरण करावयास हरकत नाही.

पण पुस्तके दिवाणखान्यांतून होती. धक्क्यावरचे शिक्षण निराळे चालत असे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या किनाऱ्यांवर कोळ्यांची निळी, घट्ट विणीची जर्सी रूढ झाली होती. तिला ‘गॅन्सी’ म्हणत. तिच्या छातीवर बारीक वेण्या आणि शिड्या विणलेल्या असत. हेरिंग मासळीचे थवे हंगामात उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत, आणि त्यांच्या मागोमाग स्कॉटलंडच्या शेकडो मुली मासळी साफ करून पिंपांत भरावयास यार्मथपर्यंत येत. सुरीने बोटे कापत, म्हणून त्या बोटांना चिंध्या बांधीत. आणि होड्या येईपर्यंतच्या रिकाम्या वेळात त्या उभ्या उभ्या, चालता चालता विणीत. कमरेला चामड्याचा पट्टा असे. त्यात घोड्याचे केस भरलेले, वर भोके पाडलेली. सुईचे एक टोक त्या भोकात रोवले की हात मोकळा राही. गावोगावच्या मुली अशा एका धक्क्यावर जमल्या, की कोणाच्या भावाच्या जर्सीवर काय आहे हे सगळ्यांना दिसे. कोणती वीण कोणत्या बंदराची, हे नंतरच्या पुस्तकांनी नकाशावर मांडले. त्या मुलींनी ते तसे पाळले असेल याचा भरवसा नाही. जर्सीवरून माणूस ओळखावयाची खरी सोय एकच होती. काही ठिकाणी जर्सीच्या खालच्या काठाशी मालकाच्या नावाची आद्याक्षरे विणीत.

ॲरन बेटांशी या सगळ्याचा संबंध आला तो दारिद्र्यामुळे. पश्चिम आयर्लंडचा तो भाग इतका हलाखीत होता, की ब्रिटिश सरकारने १८९१ साली ‘कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड’ नावाचे मंडळ नेमले. मंडळाने बेटांवर मासेमारी वाढविली, बाहेरचे कसबी कोळी शिकवावयास आणविले आणि किनाऱ्यावरच्या बायकांना घरबसल्या काम मिळावे म्हणून लेस व विणकाम यांना उत्तेजन दिले. बाहेरची माणसे आली, तशी त्यांच्या अंगावरची गॅन्सीही आली. बेटावरच्या बायकांनी ती पाहिली. आणि मग काकूंच्या शेजारणीने केले तेच त्यांनी केले, पण त्याहून पुष्कळ अधिक केले. बारीक निळ्या लोकरीऐवजी त्यांनी जाड, न रंगविलेली पांढरी लोकर घेतली. छातीपुरती असलेली नक्षी खालपासून वरपर्यंत नेली. वेणीशेजारी वेणी, मधे चौकटी, चौकटींच्या पोटात दाणे. अमेरिकेस जाऊन परत आलेल्या बायकांनी तिकडे दुसऱ्या देशांच्या बायकांजवळ पाहिलेल्या विणी बरोबर आणल्या, अशीही एक आठवण बेटावर सांगत. असे पांढरे स्वेटर आधी मुलग्यांच्या पहिल्या कम्युनियनच्या समारंभासाठी विणीत, असेही सांगतात. तसे असेल तर आम्हांला त्यात नवल वाटत नाही. मुंजीत बटूच्या अंगावर काय आहे याकडे आपल्या बायकांचे जेवढे लक्ष असते, तेवढे तिकडच्यांचेही असणार! चर्चच्या बाकांवर बसून एकमेकींच्या मुलांचे स्वेटर वाचता वाचता ही वीण फुलली असावी.

तात्पर्य, ही कला शे-सव्वाशे वर्षांपलीकडची नाही, आणि ती वाढली ती एका पिढीच्या हातांत.

मग हजार वर्षांची बतावणी आली कोठून? म्यूरिएल गाहन या बाईंनी १९३० च्या सुमारास डब्लिनला खेड्यांतील कारागिरांच्या मालासाठी एक दुकान काढले होते. त्यांच्या या कामाबद्दल आमच्या मनात आदरच आहे, कारण त्यांनी कारागिरांना दाम दिले. तेथे १९३६ साली हाइन्त्स एडगर कीवे या ऑक्सफर्डच्या लोकर-दुकानदाराने एक पांढरा स्वेटर विकत घेतला. त्याचे छायाचित्र मेरी टॉमस यांच्या १९४३ सालच्या विणकामाच्या पुस्तकात आले. कीवे यांना या वेण्यांत केल्सच्या पोथीतील गुंतागुंतीची वेलबुट्टी दिसली. ही सुप्रसिद्ध पोथी इसवी सन ८०० च्या सुमाराची, म्हणजे स्पेनमधल्या त्या उशीच्याही आधी चार-पाच शतकांची! पण दुकानदाराच्या डोळ्यांना दिसले ते पुसून टाकणे सोपे नसते. १९६७ साली त्यांनी आपले मत पुस्तकरूपाने मांडले. दोरीसारखी वेणी म्हणजे कोळ्याचा दोरखंड, चौकट म्हणजे बेटावरची लहान शेते, पोळे म्हणजे मधमाशीचे कष्ट, असे अर्थ लावण्याची चाल पडली. ते अर्थ स्वेटरला अडकविलेल्या चिठ्ठ्यांवर छापले गेले. १९६१ साली क्लॅन्सी बंधू आणि टॉमी मेकम हे आयरिश गायक असे स्वेटर घालून अमेरिकेत एड सलिव्हन यांच्या दूरदर्शन कार्यक्रमात गायले, आणि मागणी एवढी वाढली की बेटांवरच्या हातांनी ती पुरविणे शक्यच नव्हते. पुढे यंत्रे आली. आज या नावाने जे विकले जाते त्यातले बहुतेक यंत्रावरचे असते. चिठ्ठीवरची गोष्ट तेवढी हाती विणलेली.

१९८७ साली रिचर्ड रट यांनी हातविणकामाचा इतिहास लिहिला आणि ही सर्व भाकडकथा पुराव्यानिशी बाजूला सारली. हे गृहस्थ बिशप होते आणि स्वतः उत्तम विणीत. १९९७ साली ॲलिस स्टारमोर या विणकर-लेखिकेने जुने स्वेटर टाक्याटाक्याने वाचले आणि असे मत दिले, की या शैलीच्या मुळाशी अलीकडच्या काळातली एखादी असामान्य बुद्धीची विणणारी असली पाहिजे. पहा, दोघांनाही सुया धरता येत होत्या.

आता कोणी म्हणेल, गोष्ट गोड होती, कोणाचे काय बिघडले होते? बिघडले ते असे. वीण हजार वर्षांची म्हटली, की ती कोणीच केलेली नसते. ती ‘परंपरेने’ केलेली असते. मग जिने संध्याकाळच्या संध्याकाळ दिव्यापाशी बसून पहिली चौकट वेणीत गुंफली, ती बाई फक्त नक्कल उतरविणारी ठरते. तिला नगाप्रमाणे मजुरी मिळते आणि कौतुक सगळे केल्सच्या पोथीला जाते. चार-पाच दशकांत निरक्षर म्हणून हिणविल्या गेलेल्या बायकांनी एक नवी गोष्ट रचली, हे मान्य करण्यापेक्षा ती अज्ञात भिक्षूंनी रचली असे मानणे लोकांना सोपे गेले. आमच्या घोंगडीचे, आमच्या गोधडीचेही आपण असेच करीत नाही ना, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पहावे. घोंगडी मागावर विणली जाते, तिचे शास्त्र निराळे. पण ‘पूर्वापार’ हा शब्द उच्चारून कारागिराचे नाव विचारण्याचे टाळण्याची आमची सवय तीच आहे.

आमच्याकडे सुयांवरचे विणकाम आले ते गोऱ्या लोकांबरोबर, मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांतून. पुढे ते घरोघर गेले. मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात एके काळी किती सुया चालत, हे येथे बसलेल्या कित्येकींना आठवत असेल. दादरला चढलेली वीण बोरीवलीपर्यंत चौघींच्या ध्यानात बसलेली असे. हेरिंगवाल्या मुलींचा धक्का आणि हा डबा यांत आम्हांला फारसा फरक दिसत नाही.

काकू आता नाहीत. आम्ही त्यांच्यापाशी विणलेली पट्टी मात्र आमच्याजवळ आहे. ती पुरी होत आली असताना एके दिवशी त्यांनी ती हातात घेतली आणि बोट ठेवले. खालून चौथा पीळ आम्ही उजवीकडे वळविला होता, बाकीचे सारे डावीकडे. आम्ही सगळे उसवावयास निघालो, तेव्हा त्यांनी थांबविले. तेवढे मधले सहा टाके सुईवरून सोडले, शिडीसारखे खाली चौथ्या पिळापर्यंत उतरू दिले, टाक्यांच्या जागा बदलल्या आणि केसांतल्या त्याच आकड्याने एकेक पायरी उचलीत पुन्हा वर आणले. बाजूचे उलट टाके जागचे हललेही नाहीत. आम्ही त्यांना सिंजच्या नाटकातली ती बहीण आणि तिचे गळलेले चार टाके सांगितले. काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "साठात चार गळले म्हणजे पोर घाईत होती. भाऊ निघायचा असेल."

ती पट्टी आज बरोबर आणली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी आभारप्रदर्शनानंतर व्यासपीठापाशी यावे. सुया आणि थोडी लोकरही आहे. पीळ घालून पाहावयास हरकत नाही. फक्त तिसरी सुई आठवणीने परत करावी.